टपालवाल्याची शर्यत

एकोणीस वर्षं याच रस्त्यांवर पत्रं वाटली,
म्हणून सांगतो, वाऱ्यालाही पत्ता असतो.
समुद्रावरून निघतो तो दहाच्या सुमाराला,
बीटची शेतं ओलांडतो,
आणि पॉपलरची रांग जिथे संपते,
सत्तावीस नंबरच्या फाटकापाशी,
तिथे न ठोठावता आत शिरतो,
थेट बरगड्यांत.

पोरांना हे ठाऊक नसतं.
पोरांकडे मांड्या असतात,
हँडलवर आकडे दाखवणारी चिमुकली पाटी असते.
माझ्याकडे त्रेपन्न वर्षं आणि जुनी बदनामी.

बदनामी म्हणजे, मी दमल्याचं सोंग छान वठवतो.
तोंड उघडं, खांदे डुलते,
भरलेली बाटली रिकामी असल्यासारखी कानाशी हलवायची,
"संपला रे म्हातारा" असं पुटपुटायचं,
दुसऱ्याच्या चाकामागे निवाऱ्याला बसायचं
आणि शेवटच्या वळणावर अचानक तरुण व्हायचं.
चार जत्रांचे चार हॅम असेच घरी आणले.
गोडफ्रीड प्लंबर तेव्हापासून
माझं पत्र घेतानाही माझ्या पायांकडे बघतो.

यंदा जत्रेच्या रविवारी
सात किलोमीटरच्या बारा फेऱ्या.
आदल्या रात्री नातीला दात येत होते;
ती रडली, म्हणजे आम्ही सगळेच जागलो.

दहाव्या फेरीला आम्ही चौघेच पुढे उरलो.
मी, गोडफ्रीड, डॉक्टरीण बाईंचा वान्नेस,
आणि गेन्टहून आलेला रुलांट,
ज्याचे पाय बघून घोड्यालाही न्यूनगंड यावा.
आणि माझ्या पोटऱ्यांत कुणीतरी
ओल्या दोरीची गाठ मारली.

मी म्हणालो, "मी संपलो. जा तुम्ही."

हसले.
"गेल्या वर्षीही संपला होतास, लुसियाँ."
"नाही रे, खरंच."
"हो, हो, खरंच."

लांडगा खरोखर आला होता
आणि मेंढ्या उभ्या राहून माझं तोंड बघत होत्या.
कुणी पुढे होईना.
पुढे झाला तर मी त्याच्या चाकाला चिकटणार,
हे तिघांनाही पाठ.
तिघेही काखेखालून मागे बघत,
पायडल असं फिरवत
की कालव्यातली बदकं आमच्या पुढे गेली.
एक बाई दारातून ओरडली,
"शर्यत आहे की प्रेतयात्रा?"

चार किलोमीटर मला फुकट मिळाले.
गाठ सुटली. श्वास आपल्या घरी परतला.
मी मात्र तोंड उघडंच ठेवलं, सवयीने.

शेवटच्या फेरीत पॉपलरचं शेवटचं झाड दिसलं
आणि मी एक दात हलका गियर आधीच घेतला,
पुढे आलो, रस्त्याची उजवी कड धरली.
वारा डावीकडून.
आडोसा हवा त्याला माझ्या उजवीकडे यावं लागतं,
आणि माझ्या उजवीकडे फक्त गटार.
सत्तावीस नंबर.
वान्नेस तिथेच उतरला, पत्र उतरावं तसा.

चर्चपाशी डावीकडे वळलं की तोच वारा समोर,
जरासा डाव्या खांद्यावर.
गोडफ्रीड माझ्याकडे बघत होता, मी रुलांटकडे,
रुलांट फक्त रेषेकडे.
तीनशे मीटर आधीच सुटला बिचारा,
सगळा वारा एकट्याने प्यायला.
मी त्याच्या मागे, गोडफ्रीड माझ्या,
आणि शाळेची भिंत सुरू झाली तशी
मी भिंतीच्या बाजूने निघालो,
जिथून रोज सायकल टेकवायला जातो.

अर्ध्या चाकाने.

कॅफेत मार्लेनने पाकीट दिलं, पंचेचाळीस युरो,
आणि हॅम, दोरीला टांगलेला.
गोडफ्रीडने पाठीवर थाप मारली,
"काय नाटक केलंस या वेळी! डोळ्यांत पाणीसुद्धा!"
मी म्हणालो, "नाटक नव्हतं."
तो आणखी हसला, सगळ्यांना बोलावून सांगितलं.

सोमवारी त्याच्या दारी पाण्याचं बिल घेऊन गेलो.
पुन्हा म्हणालो, खरंच दमलो होतो रे.
त्याने सही केली, माझ्या पोटऱ्यांकडे बघत.
काही पत्रं अशीच फिरत राहतात,
या पत्त्यावर कुणी राहत नाही असा शिक्का घेऊन.

घरी नातीने हॅमच्या कडेत
नवा दात रोवून पाहिला,
तोंड वाकडं केलं,
आणि पुन्हा रोवला.